पुसलेली राणी, फुललेलं झाड

रविवारी दुपारी आई आतल्या खोलीत झोपली होती आणि बाहेर तिच्या चित्रावरून तिच्या लेकीचं आणि धाकट्या भावाचं जुंपलं होतं. तिची झोप मोडू नये म्हणून दोघंही आवाज खाली ठेवून भांडत होती, आणि ते फार अवघड काम आहे. मामा सगळा राग चहाच्या चमच्यावर काढत होता. भाची मान खाली घालून कागद घोटत होती.

कागद म्हणजे वसली. तीन-चार कागद खळीनं एकावर एक चिकटवायचे, दाबाखाली वाळवायचे आणि मग अकीकाच्या दगडानं घोटत बसायचं, हाताला काचेसारखा लागेपर्यंत. मुघल आणि दखनी लघुचित्रं अशा कागदावर रंगवली जात. रंगांत बाभळीच्या जातीचा डिंक, ब्रशाला खारीच्या शेपटीचे केस आणि रंग ठेवायला शिंपले. भाचीच्या टेबलावरही शिंपले मांडलेले होते: सफेदा, निळा, हिरवा, पिवळा आणि एकात गेरू. ब्रश मात्र दुकानातला, शून्य नंबरचा.

भाची पन्नाशी ओलांडलेली. बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडून ती दोन हिवाळे जयपूरला लघुचित्रं शिकून आली. मामा सदुसष्टचा, कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेला. पुण्यातल्या सदाशिव पेठेत राहायचं आणि भारत इतिहास संशोधक मंडळात जायचं नाही, हे त्याला जमलेलं नाही. आईची पंचाहत्तरी दोन महिन्यांवर आली होती. साडी नको, सोन्याचं काही नको, असं आईनंच बजावलं होतं. म्हणून भाचीनं वीतभर उंचीचं चित्र काढायला घेतलं: हिरव्या लुगड्यातली गरोदर बाई चिंचेच्या झाडाखाली उभी आहे, एक हात फांदीला, एक पोटावर. चेहरा एका बाजूनं दाखवलेला. कारागिरांच्या भाषेत एकचश्मी.

मामानं चष्मा कपाळावर चढवून चित्र डोळ्यांजवळ नेलं. “हिच्या चेहऱ्यावर काहीच नाही गं.”

“नसणारच. या कलमात चेहरा रडत नाही, हसत नाही. इराणी चित्रात बघ ना, माणसाला आश्चर्य वाटलं की तो बोट ओठाला लावतो. तेवढ्यावरून ओळखायचं. दुःख झालं की गळ्याशी कपडा फाडलेला, बाईचे केस सुटलेले. चेहरा आपला चंद्रासारखा वाटोळा आणि शांत.”

“म्हणूनच म्हणतो, ताईसाठी ही पद्धत चुकीची. तू दरबाराची भाषा उचललीस. दरबाराला आई नको होती, वारस हवा होता. बाळंतपणाची जेवढी चित्रं आहेत ना, त्या जन्मनोंदी आहेत. नगरपालिकेतल्या रजिस्टरासारख्या, फक्त सोनं लावलेल्या.”

मामानं उदाहरण म्हणून बिशनदासचं चित्र घेतलं. जहांगीरच्या आत्मचरित्रासाठी काढलेलं, आज बोस्टनच्या संग्रहालयात असलेलं. त्यातला जन्म बहुधा खुद्द जहांगीरचाच, म्हणजे 1569 सालचा, सिक्रीतला. जनानखान्यात पलंगावर बाळंतीण पहुडली आहे, दाईच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं मूल आहे, बायकांची लगबग चालली आहे. आणि दाराबाहेर ज्योतिषी कुंडली मांडत बसले आहेत. “सगळं चित्र त्या ज्योतिष्यांकडे चाललंय,” मामा म्हणाला. “आत काय झालं यापेक्षा बाहेर काय ठरतंय ते महत्त्वाचं. आणि आतलं दृश्य काढणाऱ्या बिशनदासला जनानखान्यात कोण जाऊ देणार? ऐकीव माहितीवर काढलेली बाळंतीण ती.”

“बायका चित्रकार होत्या तेव्हा. नादिरा बानू, सहीफा बानू.”

“होत्या. आणि नादिरा बानूनं काय काढलं? युरोपातल्या छापील चित्रांच्या नकला. आपल्या आईचं चित्र काढलं असेल तर दाखव.”

कागदोपत्री मामाची बाजू भक्कम होती हे मान्य करायला हवं. शहजाद्याला जन्म देणारी एक आणि पाजणाऱ्या दुसऱ्याच, हाही मुद्दा त्यानं काढला. अकबराला पाजणाऱ्यांत जीजी अनगा होती. तिचा मुलगा अजीज कोका हा अकबराचा दूधभाऊ. त्यानं कितीही आगळीक केली तरी अकबर दुधाचं नातं आठवून गप्प बसायचा. शाहनाम्यातला रुस्तम तर आई रुदाबाची कूस कापून बाहेर काढावा लागला आणि त्याला दहा दायांचं दूध लागलं. हा प्रसंग इराणी चित्रकारांनी पुन्हापुन्हा रंगवला. मामाच्या मते त्यातही कौतुक त्या हत्तीएवढ्या पोराचंच.

भाचीनं घोटण्याचा दगड बाजूला ठेवला. “तू चित्रं वाचतोस मामा, बघत नाहीस. रुदाबाच्या चित्रात ती बेशुद्ध पडलेली असते, तिला मद्य पाजलेलं असतं. दुखणं तिच्या चेहऱ्यावर नसतं, ते भोवतीच्या बायकांच्या हातांत असतं. आणि जन्मनोंदीच म्हणतोस तर अकबराचं काय सांगशील? तो सव्वा वर्षाचा असताना आईबाप त्याला मागे टाकून इराणला पळाले. 1545 मध्ये काबूलला परत भेट झाली तेव्हा हमीदाबानूला मुद्दाम इतर बायकांत उभं केलं, आणि तीन वर्षांचं पोर बरोबर तिच्याकडे गेलं.”

“अबुल फज्लनं लिहिलंय. पगारी इतिहासकार तो! बादशहा लहानपणीही चुकत नव्हता, एवढंच त्याला सांगायचं होतं.”

“बरं. पण मोठेपणी हाच अकबर आईच्या पालखीला खांदा द्यायचा. ती 1604 मध्ये गेली तेव्हा त्यानं डोकं आणि मिशा उतरवल्या. हे तर खोटं नाही?”

“नाही. पण ते मुलाचं आईवरचं प्रेम झालं. तू आईचं प्रेम काढायला बसलीस. चित्रात ते कुठंय?”

प्रश्न नेमका होता. लघुचित्रांत मूल मांडीवर घेऊन बसलेली, कुठल्याही राजवंशाशी देणंघेणं नसलेली आई शोधायला गेलं तर ती बहुतेक वेळा मरियम निघते. आणि मुघल दरबारात तिला थेट गोव्याची वाट सापडली. 1579 मध्ये गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री 1580 च्या सुरुवातीला सिक्रीला पोचले. त्यांच्या सामानात अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं बायबल आणि मरियमची चित्रं होती. अकबराच्या चित्रशाळेनं ती मिटक्या मारत पचवली. बसावनसारख्या कसबी चित्रकारानं मरियम काढली. सॅन दिएगोच्या संग्रहालयात तर त्याच्या किंवा त्याचा मुलगा मनोहर याच्या नावावर घातलेलं एक चित्र आहे: बाई बाळाला पाजते आहे आणि जवळ एक पांढरं मांजर आहे. ज्योतिषी नाहीत, नगारखाना नाही. नुसतं घर.

“म्हणजे उसनवारीच,” मामा खूश झाला. “आई पाहिजे म्हटल्यावर रोमहून मागवावी लागली, व्हाया पणजी.”

“पणजी नाही, जुनं गोवं,” भाचीनं इतिहासाच्या प्राध्यापकाला दुरुस्त केलं आणि तेवढ्यावर न थांबता पुढे म्हणाली, “आणि उसनवारी कसली? मरियम कुराणातली आहे. एकोणिसावी सूरा तिच्याच नावाची. तिथं गोठा नाही, मेंढपाळ नाहीत. कळा सुरू होतात तशी ती एकटी खजुराच्या झाडाच्या खोडाशी येते, आणि तिला सांगितलं जातं की झाड हलव, खजूर खाली पडतील. प्रेषितांच्या कथांच्या चित्रमय पोथ्यांत तुर्की-इराणी चित्रकारांनी हे काढलंय. मला त्यातली आई पटते. वेणा देताना खोडाला धरलेली, आणि भुकेली. आता माझ्या चित्रातलं झाड बघ.”

मामानं झाड पाहिलं. आणि मग तो उठून पिशवीतून पुस्तक काढायला गेला, म्हणजे त्याच्याकडे हुकमाचं पान होतं.

पुस्तक 1987 चं, मंडळानंच छापलेलं, गो. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी संपादित केलेलं. मूळ पोथी मंडळाच्या संग्रहात आहे: आफताबी नावाच्या कवीनं फारसीत रचलेली ‘तारीफ-इ-हुसेनशाही’. अहमदनगरचा हुसेन निजामशहा, तालिकोटच्या लढाईतला विजय आणि सुलतानाची राणी खुंजा हुमायूं हे तिचे विषय. दखनी चित्रकलेचा इतिहास सांगायला बसलं की सुरुवात बहुधा याच चित्रांपासून करावी लागते, आणि ती पुण्यात आहेत. शनिवारवाडा दाखवायला पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्या किती पुणेकरांना हे ठाऊक असेल, हा प्रश्न इथं बाजूला ठेवू.

खुंजा हुमायूं म्हणजे चांदबिबीची आई. तालिकोटची लढाई जानेवारी 1565 ची. त्याच वर्षी हुसेन वारला. गादीवर आलेला मुर्तजा लहान होता, म्हणून कारभार आईनं हातात घेतला. चार वर्षं तिनं राज्य चालवलं. पोथी याच काळातली. तिच्या चित्रांत राणी सुलतानाला अगदी खेटून तख्तावर बसलेली आहे. मुसलमानी दरबारात राणीला असं राजरोस चितारणं जवळपास अनोखंच. 1569 मध्ये मुर्तजानं आईला कैद केलं. त्यानंतर केव्हातरी पोथीतल्या पानापानांवरून तिला पुसून टाकलं गेलं, असं अभ्यासक मानतात.

मामानं पान उघडलं. तख्त शाबूत, लोड शाबूत, सुलतानाचा हात शाबूत. त्याच्या शेजारी एक मळकट ढग. नीट पाहिलं तर ढगाला खांद्याचा आकार आहे.

“हे तुझ्या परंपरेतलं आईचं चित्र,” मामा म्हणाला. आता त्याचा चमचा थांबला होता. “मुलाच्या राज्यात पुसलं गेलं. रंग ओला करून बोळा फिरवला की झालं. डिंकातला रंग आहे, तैलरंग नाही. तुझ्या ताईचं… माझ्या ताईचं चित्र तू या घराण्यात नेऊन बसवणार?”

भाची त्या ढगाकडे बराच वेळ पाहत राहिली. चित्र काढणाऱ्याला दुसऱ्याचं चित्र पुसलेलं बघणं अंगावर येतं. कोणत्या बाजूनं बोळा फिरला हेसुद्धा दिसतं.

“पुढचं पान काढ,” ती म्हणाली.

“कुठलं?”

“तुला माहितीये कुठलं. दोहदाचं.”

त्या पानाला बोळा लागलेला नाही. मध्ये झाड आहे, सुलतान बसलेला आहे, भोवती बायका आहेत. अंगात चोळी, पाठीवर लांब वेणी, वेणीच्या टोकाला गोंडा. उत्तरेकडच्या पोशाखाला दक्षिणेची ढब. एक बाई झाडाच्या खोडाशी बिलगली आहे आणि तिच्या स्पर्शानं झाड फुललं आहे. संस्कृत काव्यातला हा जुना संकेत: सुंदर स्त्रीचा हात लागल्याशिवाय, लाथ बसल्याशिवाय काही झाडं फुलत नाहीत. झाडाच्या या हट्टाला म्हणतात दोहद.

“आणि दोहद म्हणजे?” भाचीनं विचारलं.

मामानं उत्तर दिलं नाही. शिक्षकाला स्वतःचाच प्रश्न परत विचारला की तो गप्प होतो.

दोहद म्हणजे डोहाळे. मराठीत शब्द बदलला, अर्थ घरी राहिला. गरोदर बाईला जे खावंसं, करावंसं वाटतं ते डोहाळे. हिरवा चुडा, फुलांची वाडी, झोपाळा, धनुष्यबाण घेऊन काढलेला फोटो. फारसी पोथीत, नगरच्या सुलतानाच्या स्तुतीत, संस्कृतातला हा संकेत येऊन बसला आणि ज्या मुलखात बसला त्या मुलखातल्या बायका त्याच शब्दानं आपलं गर्भारपण सांगत होत्या. चित्रकाराला हे जाणवलं असेल का, ते कळायला मार्ग नाही. त्याचं नावही उरलेलं नाही.

“तख्तावरून तिला पुसलं, झाडापाशी कुणी पुसलं नाही,” भाची म्हणाली. “ज्यानं बोळा घेतला त्याला तख्तावरची बाई खुपली. झाडाला धरून उभी असलेली बाई त्याला कुणीही वाटली असेल. मला ती कुणीही बाईच हवी आहे.”

“कुणीही बाई म्हणजे ठसा. साचा. मी तेच म्हणतोय तासाभरापासून.”

“साच्यातून माणूस काढता येतो.”

“दाखव ना मग. कुणी काढलाय?”

इथं भाचीनं विजापूर काढलं. खुंजा हुमायूंची लेक चांदबिबी अली आदिलशहाला दिलेली. तो 1580 मध्ये मारला गेला तेव्हा गादीवर आलेला त्याचा पुतण्या इब्राहिम नऊ वर्षांचा होता आणि त्याला सांभाळणाऱ्यांत चांदबिबी होती. हाच इब्राहिम पुढे वीणेचा, रंगांचा, दखनी भाषेचा वेडा निघाला. 1604 च्या सुमारास त्याच्या दरबारातल्या फर्रुख हुसेननं सरस्वती काढली. गोरीपान, वीणा वाजवणारी, सिंहासनावर बसलेली, समोर मोर. चित्रावरच्या लेखात इब्राहिमनं आपला बाप गणपती आणि आई सरस्वती असल्याचं सांगितलं आहे.

“एका मुर्तजानं आई पुसली,” भाची म्हणाली, “आणि त्याच मुर्तजाच्या बहिणीच्या हाताखाली वाढलेल्या पोरानं आपली आई कोण ते चित्रावर लिहून ठेवलं. नगर आणि विजापूर. मधे एक पिढी.”

“छान जमवलंस. पण सरस्वती हे बिरुद आहे. राजाला गवई म्हणवून घ्यायची हौस होती. ज्या बाईनं सांभाळलं ती चांदबिबी कुठंय त्या चित्रात? तिची घोड्यावरची, हातावर ससाणा घेतलेली चित्रं आहेत ती ती मेल्यावर शंभरेक वर्षांनी काढलेली. म्हणजे पुन्हा ठसाच.”

हे खरं होतं आणि भाचीला ते झोंबलं. तिनं गेरूच्या शिंपल्यात विनाकारण पाणी घातलं.

मग ती जवळच्या काळात आली. इस्फहानचे महमूद फर्शचियान, गालिच्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा, 2025 मध्ये पंचाण्णव वर्षांचे होऊन गेले. इराणी लघुचित्राला त्यांनी पोथीबाहेर काढून मोठ्या आकारात आणलं, रेषेला भोवऱ्यासारखी गती दिली. त्यांचं सगळ्यांत गाजलेलं चित्र ‘अशुराची संध्याकाळ’, 1976 चं. करबल्याच्या रणातून घोडा स्वार न घेताच परतला आहे आणि तंबूतल्या बायका-मुली त्याला बिलगल्या आहेत. चेहरे दिसत नाहीत म्हटलं तरी चालेल. दिसतात त्या पाठी, पदर आणि घोड्याची खाली गेलेली मान. या चित्राची हकीकत फर्शचियान स्वतः सांगत. अशुराच्या दिवशी आई म्हणाली, जा, करबल्याची शोककथा ऐकून ये, जरा बरं वाटेल. ते म्हणाले, आधी एक काम आहे. खोलीत गेले आणि ब्रश हातात घेतला.

“त्या चित्रात त्यांची आई कुठंच नाही,” भाची म्हणाली. “पण तिनं हटकलं नसतं तर…”

“हं,” मामा म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्याकडे तारीख नव्हती.

पंखा फिरत होता. मामानं चित्र पुन्हा हातात घेतलं आणि या वेळी लांब धरलं, पन्नाशीनंतर माणसं धरतात तसं. मग त्यानं एकदम विचारलं, “चिंच का काढलीस?”

“डोहाळे म्हटल्यावर चिंचच.”

“तुला कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला पाहिजे? सगळ्यांना…” ती थांबली.

मामा हसला, पण जिंकल्याचं हसू नव्हतं ते. “बघ. मुघलांना नावं ठेवत होतो मी तुझ्यासमोर. साचा तू काढलास. ताईनं चिंचेला हातसुद्धा लावला नव्हता. दात आंबतात म्हणायची. तुझ्या वेळेला ती माहेरी आली, संगमनेरजवळच्या आमच्या घरी, तेव्हा मी सोळा वर्षांचा. दिवाळी तोंडावर आली होती. आई तुळशीवृंदावनाला लावायला गेरू भिजवून ठेवायची, आणि वाटी रोज थोडी थोडी रिकामी व्हायची. आईला वाटायचं मीच खेळतो. दोनदा मार खाल्लाय मी त्यापायी. एका दुपारी ताईला पकडलं. वृंदावनाच्या मागे बसली होती, बोट वाटीत आणि ओठ लाल. मला म्हणाली, सांगू नकोस. मग मीच वाण्याकडून गेरूचे खडे आणून द्यायला लागलो. दहा पैशांचे. खिशात लपवायचो, तर सगळ्या चड्ड्यांना डाग.”

“गेरू खायची?”

“चाटायची. पहिल्या पावसाचा वास येतो म्हणायची त्याला. डॉक्टरांनी नंतर रक्ताच्या गोळ्या दिल्या तेव्हा कुठं थांबलं.”

भाचीनं शिंपल्याकडे पाहिलं. दहा मिनिटांपूर्वी रागानं ओतलेलं पाणी आत मुरलं होतं आणि गेरू कडेनं फुगून वर आला होता. तिनं वसली ओढली, ओल्या ब्रशानं चिंचेचा एक एक आकडा सैल केला आणि कापसाच्या बोळ्यानं टिपला. डिंकातला रंग, लगेच निघाला. फांदी उघडी पडली. बाईचा वर गेलेला हात आता कशालाच धरून नव्हता.

“हात खाली घ्यावा लागेल,” ती स्वतःशी म्हणाली. “वृंदावन केवढं होतं? चौकोनी?”

“चौकोनी. एक कोपरा फुटलेला. आणि अगं, ती उभी नव्हती, बसली होती. पाय पसरून.”

आतून पलंग वाजला. आईनं झोपेतल्याच आवाजात विचारलं, “कशावरून चाललंय रे तुमचं?”

मामानं चित्रावर वर्तमानपत्र टाकलं आणि चहा ठेवायला उठला. भाचीनं पेन्सिल घेतली आणि पाठीमागच्या कागदावर एक फुटका कोपरा काढला.